एकट्या पेटीची लहानशी गत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पेटी आहे. परंतु ती भजनाच्या मागे वाजते, नाहीतर सिनेमाच्या चालीची नक्कल करते. तिने स्वतःचे असे काही सांगावे, हा विचार आपल्या मनाला क्वचितच शिवतो. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

युरोपात एकट्या पियानोसाठी छोट्या रचना करण्याची मोठी परंपरा आहे. शोपँ याने १८३९ साली २४ 'प्रेल्यूड' प्रसिद्ध केले. त्यांतील सातवे अवघ्या १६ खंडांत संपते. हंगेरीच्या बार्टोकने 'मायक्रोकॉसमॉस'मध्ये १५३ रचना सोप्याकडून कठिणाकडे अशा लावून दिल्या. आम्हां मास्तरांना हेवा वाटावा असाच तो क्रम! हाच बार्टोक खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपून घेत असे.

आपल्याकडे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी साथीच्या पेटीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. तरीही १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले, ते १९७१ पासून थोडेथोडे उघडले. पट्ट्यांतून मींड निघत नाही, हा एक मोठा आक्षेप. तो खराच आहे. पण मींड पियानोवरही निघत नाही. शिवाय त्याचा स्वर आघातानंतर विरू लागतो, पेटीचा भाता चालेतो टिकतो. तेव्हा गत रचणाऱ्याने मींडेचा हव्यास सोडावा आणि स्वरांमधील उडीवर, विसाव्यावर व लयीवर भिस्त ठेवावी.

सामग्रीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. श्रावणातील कानबाईची गाणी, दळणाच्या ओव्या थोडक्याच सुरांत फिरतात. अशी एक चाल घ्यावी. प्रथम सरळ वाजवावी, मग तिचा शेवटचा सूर अडवून धरावा, मग ती वरच्या सप्तकात न्यावी व तीन मिनिटांत संपवावी. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडीही सुमारे तेवढीच चाले, आणि मोठमोठ्या गवयांना तीत राग बसवावा लागे.

जाते माजघरातून गेले. त्याच्या चाली जाणणाऱ्या आजीबाई आपल्या पारोळ्यात आता थोड्याच उरल्या आहेत. मुलांनी त्यांच्यापाशी बसावे ते आत्ताच. पुढील संमेलनात अशा दोन-तीन गती ऐकावयास मिळाव्यात, एवढीच विनंती. पेटी मी आणीन. भात्याला ठिगळ आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.