उपाहारगृहांतील एक संध्याकाळ

घराबाहेर सपत्नीक जेवण्यास जाणें ही गोष्ट एके काळीं महाराष्ट्रीय कुटुंबांत कौतुकाची नव्हे, तर कुचेष्टेची होती. खाणावळीचा आश्रय एकटा राहणारा चाकरमानी किंवा विद्यार्थी घेई. संसारी पुरुष बायकोसह हॉटेलांत शिरतांना दिसला, तर यांच्या घरीं आज चूल पेटली नाहीं कीं काय, अशी शेजारीं कुजबूज होई. ती दृष्टि आतां पार पालटली आहे. पालटली तें बरेंच झालें. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीच्या समोर एक वेळ तरी वाढलेलें ताट यावें, यांत गैर असें कांहींच नाहीं.

हा पालट पाहावयाचा असेल तर मोशीसारखें गांव पाहावें. इंद्रायणीच्या कांठीं, पुणें-नाशिक रस्त्यावर, भोसरी आणि चाकण यांच्या दरम्यान वसलेलें हें शेतकऱ्यांचें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. कारखान्यांत चाकरीस आलेलीं बिऱ्हाडें त्यांत नांदूं लागलीं, आणि त्यांच्या पाठोपाठ दिव्यांच्या माळांनीं सजलेलीं उपाहारगृहेंही आलीं.

अशा एका बिऱ्हाडाची कल्पना श्रोत्यांनीं करावी. पति चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा. पत्नी एका बालवाडींत शिकविणारी. हा रात्रपाळी करून घरीं येतो तेव्हां ती शाळेस निघालेली असते. संसारांतला निम्मा पत्रव्यवहार फ्रीजवर चिकटविलेल्या चिठ्ठ्यांनीं चालतो : गॅस सांगितला आहे, मुलाला ताप नाहीं, घराचा हप्ता पांच तारखेस. लग्नाच्या वाढदिवशीं मात्र सुट्टी जुळून आली. मुलाला आजीपाशीं ठेवून तीं दोघें राजमार्गाकडेच्या एका भपकेबाज उपाहारगृहांत गेलीं. त्याच्या मनांत तिला थाटानें जेवूं घालावयाचें होतें. तिच्या मनांत निराळेंच होतें. तिला नोकरी सोडून बी. एड. करावयाचें होतें. तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तितका काळ घराचा हप्ता एकट्याच्या पगारांतून भागेल काय, हें निवांतपणें विचारावयाचें होतें.

परंतु निवांतपणा ही एकच वस्तु त्या ठिकाणीं मिळत नव्हती. डोक्यावरच्या ध्वनिक्षेपकांतून असा गजर चालला होता कीं, समोरासमोर बसून दोघांना ओरडून बोलावें लागे. ‘अहो, मला जरा विचारायचं होतं,’ असें तिनें दोनदां म्हटलें. पहिल्या वेळीं त्याला तें ऐकूंच गेलें नाहीं. दुसऱ्या वेळीं वाढपी येऊन उभा राहिला. दिवे इतके मंद कीं यादींतील पदार्थ मोबाइलच्या उजेडांत वाचावे लागले. किंमती तेवढ्या ठळक होत्या. भाजी दिसावयास देखणी, पण अर्धी कोमट. रोट्या भाजी संपल्यावर आल्या. अठराव्या शतकांत पॅरिसमध्यें ‘रेस्टॉरंट’ हा शब्द प्रथम शक्ति देणाऱ्या कढणाला लावीत, आणि त्यावरून तें विकणाऱ्या जागेला तें नांव पडलें असें सांगतात; येथें मात्र होती ती शक्ति बोलण्यांतच खर्च होत होती.

मग बिल आलें. पदार्थांचे २,४०० रुपये. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून २४० रुपये. आणि या दोहोंच्या बेरजेवर पांच टक्के जी. एस. टी. म्हणून १३२ रुपये. एकूण २,७७२ रुपये. घरचा जमाखर्च तिच्याच हातीं असल्यानें तिची नजर मधल्या आंकड्यावर अडली.

‘अहो, हा सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो असं नाही. काढायला सांगा ना.’

‘असूं दे गं. आजच्या दिवशीं नको.’

वस्तुतः तिचें म्हणणें सोळा आणे खरें होतें. ४ जुलै २०२२ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें सूचना काढल्या आहेत. हॉटेलानें सेवाशुल्क आपण होऊन बिलांत मिळवूं नये, दुसऱ्या नांवानेंही घेऊं नये, आणि जेवणाच्या रकमेंत तें मिळवून बेरजेवर कर लावूं नये, असें त्यांत स्पष्ट आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत गेल्या. आरंभीं त्यांना स्थगितिही मिळाली. परंतु २८ मार्च २०२५ रोजीं न्यायालयानें त्यांचे अर्ज फेटाळले व सूचना उचलून धरल्या. पैसे देण्यापूर्वीं ती रक्कम काढण्यास सांगतां येतें. न काढल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करतां येते. संतुष्ट होऊन वाढप्याच्या हातावर कांहीं ठेवणें ही निराळी गोष्ट. बिलांतलें शुल्क त्याच्यापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हें गिऱ्हाइकाला बिलावरून कळत नाहीं.

त्यानेंही बातमी वाचलेली होती. पण नटूनथटून आलेल्या बायकोसमोर, शेजारच्या टेबलावरच्या मंडळींच्या देखत, २४० रुपयांसाठीं घासाघीस करणें त्याला कमीपणाचें वाटलें. भाजीवालीशीं पांच रुपयांसाठीं हुज्जत घालणारा माणूस वातानुकूलित दालनांत शिरला कीं एकाएकीं उदार होतो! हा संकोच गिऱ्हाइकाच्या अंगीं असतो, याची दुकानदाराला पुरती जाणीव असते. बिलांतली ती ओळ त्याच भरंवशावर छापलेली असते.

शुल्क काढलें असतें तर बिल २,५२० रुपये झालें असतें. अंतर अवघें २५२ रुपयांचें. तिला मात्र तें रुपयांत मोजवेना. एवढी क्षुल्लक गोष्ट ‘आज नको’ म्हणून बाजूस सारली गेली, तेथें दोन वर्षांच्या पगाराची गोष्ट कोणत्या तोंडानें काढावयाची? त्यालाही ती गप्प कां झाली हें उमगलें नाहीं. जेवण आवडलें नसावें, अशी त्यानें समजूत करून घेतली, आणि मोटारसायकलवर मागें वळून दोनदां तसें विचारलेंही. ‘छान होतं,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीं त्याची पहिली पाळी होती. पहाटे तो उठला तेव्हां ती झोपलेली होती. डबा भरून ओट्यावर ठेवलेला होता. फ्रीजवर हप्त्याच्या तारखेच्या खालीं नवी चिठ्ठी होती : ‘बी. एड.च्या फॉर्मची मुदत शनिवारीं संपते. काल बोलायचं राहून गेलं.’