कुटुंबाचा न्यास : कोणासाठी आणि कसा



खामगावच्या जैन समाजाला ‘ट्रस्ट’ हा शब्द नवा नाही. मंदिर असो, स्थानक असो वा धर्मशाळा. तिच्यामागे न्यास असतो, विश्वस्त असतात, हिशेबाची तपासणी होते आणि एखादा खर्च भलत्या खात्यात पडला तर सभेत चार जण उठून विचारतात. कापसाच्या आडतीत आणि चांदीच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला हे सहज जमते. मात्र हाच गृहस्थ घरी परतला, की दुकान, घर, ठेवी आणि दागिने यांचे पुढे काय, या प्रश्नाला त्याचे उत्तर एकच असते : ‘मुले समजूतदार आहेत.’ मुले समजूतदार असतातही. परंतु समजूतदारपणाची नोंद कोणत्याही फेरफारात होत नाही.

सार्वजनिक न्यासाला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. कुटुंबासाठी केलेला खाजगी न्यास १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली येतो. त्यात तीन भूमिका असतात. न्यासकर्ता आपली मालमत्ता देतो, विश्वस्त ती धारण करतो आणि लाभार्थी तिचा उपभोग घेतो. मालकी एकाच्या नावे व लाभ दुसऱ्याचा, ही या व्यवस्थेची किल्ली होय. म्हणूनच ज्याला मालमत्ता मिळायला हवी, परंतु ती सांभाळणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी न्यासाइतके चांगले साधन कायद्यात क्वचितच सापडेल. ज्या घरात सर्व वारस सज्ञान, सक्षम आणि एकमेकांशी बोलणारे आहेत, तेथे साधे, स्पष्ट मृत्युपत्र बहुधा पुरते.

न्यासाच्या साहाय्याने सात पिढ्यांची व्यवस्था लावून ठेवावी, असा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार ठाकूर हे स्वतः नामांकित वकील. त्यांचे पुत्र ज्ञानेंद्रमोहन यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पित्याने मृत्युपत्रात त्यांना वगळले, इस्टेट विश्वस्तांच्या हाती दिली आणि पुतणे जतींद्रमोहन व त्यांच्यानंतर पुरुषवंशात ती अखंड चालत राहावी, अशी तजवीज केली. १८६८ साली प्रसन्नकुमार निवर्तले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८७२ मध्ये निर्णय आला : जतींद्रमोहनांचा हयातीपुरता हक्क वैध, पुढची वंशपरंपरा अवैध, त्यानंतरचा हक्क वारस म्हणून पुत्राचा. म्हणजे ज्याला दूर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याचाच हक्क मान्य झाला! त्याच मृत्युपत्रातून कलकत्ता विद्यापीठाला कायद्याच्या व्याख्यानांसाठी दिलेले तीन लाख रुपये मात्र आपले काम करीत राहिले. ‘टागोर विधी व्याख्याने’ म्हणून ती आजही प्रसिद्ध आहेत.

धर्मादाय न्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो, कौटुंबिक न्यास नाही, हा यातील भेद. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १४ खाजगी व्यवस्थेला हयात व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतर जन्मलेल्या लाभार्थीचे अज्ञानपण, एवढीच मुदत देते. धर्मादाय दानाचे विदर्भातले उदाहरण कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचे. मँगनीजच्या व्यवसायात मिळविलेल्या संपत्तीतून सुमारे ३५ लाख रुपये त्यांनी १९३० च्या मृत्युपत्राने उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिले. त्यातून १९४२ साली नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली व २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. घरातील संपत्तीचा काही भाग असा कायमचा समाजाला द्यावयाचा असेल, तर त्याचा दस्त वेगळा करावा. कुटुंबाच्या न्यासात दानाची कलमे मिसळली, की दोहोंचे हिशेब बिघडतात.

कौटुंबिक न्यासाची खरी गरज कोठे भासते? समजा, एका व्यापाऱ्याला दोन मुले आहेत आणि धाकट्याला जन्मतः बौद्धिक अक्षमता आहे. वडिलांच्या पश्चात थोरला त्याला सांभाळील, यात कोणालाही शंका नाही. परंतु थोरल्याच्या धंद्यात खोट आली तर? तो आधी गेला तर? धाकट्याच्या नावे सरळ घर केले, तर त्या घराच्या कागदावर सही कोण करणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून पालक नेमून घेता येतो. पण पालक नेमला म्हणजे पैशाची सोय झाली असे नव्हे. त्यासाठी दुकानाचे भाडे अथवा ठेवींचे व्याज न्यासात बांधून ‘धाकट्याच्या औषधोपचार, निवास व सेवेकऱ्याच्या पगारासाठी’ असे स्पष्ट लिहावे लागते. त्याच्यानंतर उरलेली मालमत्ता कोणाकडे जावी, हेही त्यातच लिहावे.

येथे विश्वस्तांची निवड निर्णायक ठरते. उरलेली मालमत्ता ज्याला मिळणार, तोच एकटा विश्वस्त असेल, तर आजच्या खर्चात काटकसर करण्याचा मोह त्याला होणारच. लाभार्थीच्या हिताशी विसंगत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला अधिनियमाचे कलम ६० अयोग्य विश्वस्त मानते. परदेशी स्थायिक झालेल्यालाही त्याच यादीत ठेवते. अमेरिकेतल्या मुलाचे नाव अभिमानाने घालणाऱ्यांनी हे वकिलाला अवश्य विचारावे. शिवाय न्यासपत्रात वेगळे लिहिले नसेल, तर सर्व विश्वस्तांनी मिळून कृती करावी लागते. म्हणजे तीन विश्वस्त तीन गावी असले, की औषधाच्या बिलालाही तीन सह्या.

न्यासात काय घालता येते, हा प्रश्न त्याहून अवघड. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जैन लॉ’मध्ये पतीच्या संपत्तीवर विधवेचा अग्रहक्क आग्रहाने मांडला होता, आज मात्र वारसा ठरतो तो १९५६ च्या कायद्याने. वडिलोपार्जित एकत्र मालमत्ता कर्त्याच्या मर्जीची नसते. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायक झाली आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले, की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. लेकीला वगळण्यासाठी न्यास करू पाहणाऱ्याने तो विचार सोडून द्यावा. तो न्याय्यही नाही आणि न्यायालयात टिकेल असेही नाही. धनको बुडविण्यासाठी केलेले हस्तांतरणही धनकोच्या दाव्यावरून रद्द होऊ शकते. शेतजमिनीबाबत तर विदर्भाचा कुळकायदा आणि कमाल धारणेचा कायदा पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये.

कराविषयी थोडक्यात. १९८५ पर्यंत मृत्युकर होता, पुढे संपत्तिकरही २०१५-१६ पर्यंत होता. त्या काळात कर वाचविण्यासाठी न्यास निघाले. ते कारण आता उरलेले नाही. लाभार्थींचे हिस्से विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले, तर काही अपवाद वगळता सर्वोच्च दराने कर बसतो. न्यास रद्द करण्याचा हक्क हाती ठेवला, तर उत्पन्न न्यासकर्त्याचेच धरले जाते. मुलाला वा मुलीला राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्काची जी मोठी सवलत आहे, ती न्यासपत्रालाही मिळते असे गृहीत धरू नये.

वकिलाकडे जाताना कोरा स्टॅम्प पेपर नव्हे, तर माहिती न्यावी : प्रत्येक मालमत्ता कोणत्या पैशातून, कोणाच्या नावे, कोणत्या वर्षी घेतली, तिच्यावर कर्ज किती, घरात कोण कोणावर अवलंबून. चांगला वकील पहिल्या बैठकीत लिहीत कमी आणि विचारतो जास्त. स्थावराचा न्यास हयातीत करावयाचा, तर लेखी, सही केलेला व नोंदणीकृत दस्त लागतो. मृत्युपत्राने केला, तर दोन साक्षीदारांची साक्षांकने लागतात, आणि शेवटपर्यंत तो बदलता येतो. विश्वस्त दुसरे असतील, तर दुकान खरोखरच त्यांच्या नावे हस्तांतरित व्हावे लागते. दस्त कपाटात आणि मिळकतपत्रिकेवर जुनेच नाव, अशा अवस्थेतील न्यास वादाला आमंत्रण देतो.

न्यासपत्र, मालकीचे कागद व हिशेब पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क कलम ५७ ने लाभार्थीला दिला आहे. धाकट्या मुलाला तो स्वतः वापरता येणार नाही. म्हणून दरवर्षीचा हिशेब त्याच्या वतीने कोणी पाहावा, बहिणीने, मामाने की पालकाने, हे नाव न्यासपत्रातच घालून घ्यावे. आणि त्या व्यक्तीला आधी विचारून घ्यावे.