उभ्याने राबणाऱ्यास बैठक हवी



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही स्टुलासारख्या क्षुल्लक वस्तूवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. परंतु सचिनच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापुढे उभे राहून जे संसार चालवितात, त्यांना ते येणार नाही.

आपल्या वाडवडिलांचा हातमाग आठवा. खड्ड्यात पाय सोडून, काठावर बसून विणकर धोटा फेकी. यंत्रमाग आला आणि माणूस उभा राहिला. एकाकडे अनेक माग. तार तुटली की धावावे, एरवी ताटकळत पाहावे. बारा तासांची पाळी करून आलेला मुलगा पोटऱ्या चोळीत बसतो, हे आपल्या माउलींनी पाहिले आहे. लेथवरच्या कारागिराचीही तीच कथा.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की ते काम मंदावते व रक्त पायांत साचते. पाय सुजतात, कंबर धरते. वर्षानुवर्षे असे चालल्यास शिरा फुगण्याचा संभव वाढतो.

बैठक ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमानेच, उभ्याने काम करणाऱ्यास विसाव्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी सोय सांगितली होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. दुकानांतील नोकरांसाठी केरळने २०१८ साली व तमिळनाडूने २०२१ साली असाच नियम केला.

मात्र स्टूल कसे असावे? चार पायांचे, रुंद बुडाचे, न डुगडुगणारे, चाके नकोत. अर्धवट टेकले असता पाय जमिनीला लागावेत, एवढेच उंच. ते जाण्यायेण्याच्या वाटेत किंवा बटणाच्या आड ठेवू नये. लेथवर जॉब बांधताना, माप घेताना उभेच राहावे. यंत्र आपोआप काप घेत असता, बटण हाताशी ठेवून, किंचित टेकावे. दिवसभर बसणेही हितकर नव्हे. बसावे, उठावे, चालावे. स्टुलास जागाच नसेल तर चार-सहा इंचांचा लाकडी ठोकळा ठेवून एकेक पाय आळीपाळीने त्यावर ठेवावा. तेवढ्यानेही कंबरेस आराम पडतो.

खरी अडचण लाकडाची नाही, मनाची आहे. टेकलेला माणूस दिसला की मुकादमास तो कामचुकार वाटतो. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही बसण्याची लाज वाटते. आज आपल्यापैकी काहीजण स्वतःच छोट्या कारखान्यांचे मालक झाले आहेत. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे : कार्यालयात पाहुण्यास आपण खुर्ची देता, तसे यंत्रापाशी एक स्टूल ठेवा. ज्याच्या पायांवर कारखाना उभा आहे, त्याचे पाय शाबूत राहावेत.