देव बोलतो, पण कसा?



मी बचत गटांची समन्वयक. आठवड्यातले पाच दिवस माझं काम बायकांचं ऐकण्याचं असतं. कुणाचा हप्ता थकलेला, कुणाचं पासबुक नवऱ्याच्या ताब्यात, कुणाला शिलाई मशीन घ्यायचंय. पण आज मी गटाच्या कामासाठी बोलायला आलेले नाही. गेल्या महिन्यात एका बैठकीनंतर चहा पिताना एका सभासद ताईंनी मला विचारलं, "ताई, तुम्ही रोज सकाळी बायबल वाचता, प्रार्थना करता. देव माझ्याशी बोलला, असं तुमच्यातले लोक म्हणतात. म्हणजे नेमकं कसं? कानात ऐकू येतं का?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. ते आज देते.

कानात ऐकू येतं का? मला तरी आजवर आलेलं नाही. पस्तिशी उलटली, लहानपणापासून उपासनेला बसते, पण आवाज असा कधी ऐकला नाही. तरीही देव बोलतो, असं मी मानते. आणि त्याचं म्हणून आपण जे धरतो, ते दर वेळी त्याचं असतंच असं नाही, हेही मी मानते. हे दुसरं मी चुकून शिकले. ती चूक सांगते.

आमच्या एका गटात अकराजणी आहेत. त्यातल्या एका ताईंनी शेळ्या घेण्यासाठी गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं. दीड हजाराचा हप्ता. चार हप्ते वेळेवर आले, मग थांबले. हप्ता नाही, बचत नाही आणि सलग तीन बैठकांना ताई हजरही नाहीत. गटाचं बँकेचं कर्ज मंजुरीला जायचं होतं. वसुली बिघडलेली दिसली की सगळ्यांचंच अडतं. मी फार चिडले होते. त्यांना दंड लावून गटातून कमी करावं, असा ठराव बैठकीत मांडायचं मी मनात पक्कं केलं.

बैठकीच्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे वाचायला बसले. त्या दिवशीचा भाग मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला होता. धनी परगावी जाताना चाकरांकडे पैसा सोपवतो. दोघे तो वाढवतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याचा राग ओढवून घेतो. मी वाचलं आणि मला वाटलं, झालं, देवानंच उत्तर दिलं. हीच ती आळशी चाकर. मन कसं हलकं झालं. चुलीपाशी येऊन सासूबाईंना सांगितलंसुद्धा, "आई, आज देवानं मला स्पष्ट दाखवलं."

त्यांनी भाकरी थापता थापता माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू तिच्या घरी जाऊन आलीस का?"

मला राग आला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. दुपारी बैठकीच्या आधी त्यांच्या वस्तीवर गेले. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. सिझेरियन झालं होतं, दवाखान्यात पैसा गेला होता. एक शेळी विकली होती, दुसरी गाभण होती. मी म्हटलं, "मग बैठकीत येऊन हे सांगायचं नाही का?" त्या खाली बघत म्हणाल्या, "ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, पैसे नसतील तर नुसतं हजेरीला येऊ नका."

मी तसं म्हणाले होते. घाईत, वहीत डोकं घालून, सगळ्यांसमोर. माझ्या तर लक्षातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच अध्याय पुन्हा उघडला. आदल्या दिवशी डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट तेव्हा दिसली. तिसरा चाकर पैसा का पुरतो? तो स्वतःच सांगतो, की त्याला धन्याची भीती वाटली. मी त्या चाकराच्या जागी ताईंना बसवलं होतं. त्यांना भीती कुणी घातली, हे विचारलंच नव्हतं. वचन तेच होतं. आदल्या दिवशी मी त्यातून माझ्या रागाला हवं तेवढंच उचललं आणि त्यावर देवाचं नाव लिहिलं.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. उरलेल्या नऊ हजारांसाठी पाचशेचा हप्ता ठरला. दोघीजणी नाराज झाल्या, एक तर गट सोडून गेली. तेव्हा सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. पण हप्ते येत आहेत, आता पाच राहिलेत, आणि त्या ताई बैठकीला सगळ्यांत आधी येऊन सतरंजी घालतात.

मैत्रिणींनो, शमुवेलाची गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. मंदिरात झोपलेल्या मुलाला रात्री देव हाक मारतो. त्याला वाटतं, म्हातारे एली याजकच बोलावताहेत. तीनदा उठून तो त्यांच्याकडे धावतो. अखेर एलीला उमगतं आणि तो सांगतो, ही हाक देवाची आहे, पुन्हा आली की काय म्हणायचं ते असं. देवाची हाक देवाची आहे, हे शमुवेलाला एकट्याला कळलं नाही. शेजारी जाणतं माणूस होतं म्हणून कळलं. माझ्या बाबतीत तो एली भाकरी थापत होता. म्हणून "देवानं मला सांगितलं" असं वाटलं की ते आधी एका शहाण्या माणसाला सांगून बघावं. आपल्या हो ला हो म्हणणाऱ्या माणसाला नको.

दुसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याची. राणीच्या धाकानं तो रानात पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. होरेब डोंगरावर वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि त्यानंतर अगदी मंद स्वरात देव बोलतो, हा भाग सगळे सांगतात. त्याआधी काय घडतं, ते मात्र आपण घाईनं वाचतो. त्याआधी देव त्याला झोपू देतो. दूत येऊन उठवतो, भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. बोलणं त्यानंतर. पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या, दिवसभर कांदा काढणीला वाकणाऱ्या बाईला प्रार्थनेत डुलकी लागली, तर तिनं स्वतःला पापी समजू नये. आधी झोप, आधी दोन घास. देवाला ते चालतं.

आता रोजचं सांगते. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. उपासनेत मला यातली पहिली आणि शेवटची फार उपयोगी पडली. बैठक म्हणजे ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ. माझी जागा मागच्या दाराची पायरी, वेळ पंधरा मिनिटं. एक छोटा भाग वाचायचा, शक्यतो पुस्तकाच्या क्रमानं, म्हणजे आवडीचं तेवढंच उचलण्याची सवय लागत नाही. मग मागण्यांची यादी सुरू करण्याआधी जरा गप्प बसायचं. आपण बैठकीत एकट्याच बोलत राहिलो तर सभासद कधी बोलतील?

आणि लेखे म्हणजे वही. दोनच ओळी लिहायच्या. आज काय लक्षात आलं, आणि आज मी काय करणार. दुसऱ्या ओळीत "प्रेम करेन" असं मोघम लिहायचं नाही. "जावेला दवाखान्यात डबा नेऊन देईन" असं लिहायचं. महिन्यानं मागची पानं उलटली की प्रेरणा कोणती होती आणि नुसता मनाचा उकाळा कोणता होता, ते बरंचसं कळतं.

मी स्वतःला आता तीन प्रश्न विचारते. जे सुचलं ते येशूच्या एकूण शिकवणीशी जुळतं का? त्यात माझी सोय किंवा माझा राग लपलाय का? आणि त्यानं कुणा दुबळ्याचं नुकसान होणार आहे का? उद्या कुणी येऊन म्हणालं, की तुझी साखरेची गोळी बंद कर, देवानं मला तसं सांगितलंय, तर तिसऱ्याच प्रश्नावर ते गळून पडतं. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. प्रार्थना करा, गोळीही घ्या.

शेवटी पंडिता रमाबाईंची आठवण काढते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या अनाथ मुलींना, विधवांना आसरा दिला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईला कळेल असा शब्द हवा, म्हणून एकेका शब्दापाशी थांबल्या. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले, छपाई केली. 1922 साली रमाबाई गेल्या, त्या हे काम उरकूनच. देवाचं ऐकायचं म्हणून एवढी विद्वान बाई शब्दाशब्दाला तपासत बसली. मग मी पहाटे पाच मिनिटांत वाचून "देवानं मला स्पष्ट दाखवलं" म्हणते, तेव्हा मला थोडी लाज वाटायला हवी.

तर ज्या ताईंनी प्रश्न विचारला, त्या आत्ता ऐकत असतील. ताई, कानात काही ऐकू येत नाही. पण वाचून उठल्यावर ज्या घराचा उंबरठा चढायचं मी टाळत असते, ते घर वारंवार आठवत राहिलं, तर आता मी चपला घालते आणि आधी तिथे जाऊन येते.