गव्हाचा शत्रू कोण?

(मंडळीच्या साहाय्यक सभेत केलेले भाषण)



गहू नीट उगवला नाही की पाड्यावर पहिला प्रश्न येतो, “कोणी केलं?” कधी बियाणे विकणाऱ्याशी भांडण होते. कधी शंका एखाद्या एकट्या विधवेवर जाते आणि तिला डाकीण ठरवतात. अशा शंकेने बाईचे घर सुटते, जीवही जातो. म्हणून आज मी मातीविषयी बोलणार आहे.

खरिपाची ज्वारी निघाली की, पाणी असेल तिथे, त्याच रानात गहू पेरतात. ज्वारीच्या मुळांवरील बारीक केसांतून तेलकट थेंब पाझरतात. त्यांत सोर्गोलिओन नावाचे द्रव्य असते. त्याने शेजारच्या तणाची कोवळी रोपे खुरटतात. ज्वारीचे ते संरक्षणच आहे. पुढे धसकटे कुजताना आणखी काही आम्ले मातीत उतरतात. लगेच गहू पेरला तर काही दाणे उशिरा उगवतात, काहींचे मूळ आखूड राहते. शिवाय धसकटे कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र काही काळ स्वतःच वापरतात. रोपे पिवळी पडतात. वनस्पतींच्या अशा परस्पर परिणामाला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली ‘अ‍ॅलिलोपॅथी’ हे नाव दिले.

उपाय गरिबाला झेपणारे आहेत. धसकटे वेचून काढावीत, जमीन ओलवून काही आठवडे मोकळी ठेवावी. शक्य असेल तर गहू मूग-उडदाच्या तुकड्यात घ्यावा. पेरणीआधी दोन डब्यांत माती भरावी, एकात ज्वारीच्या रानाची, दुसऱ्यात मुगाच्या. प्रत्येकी वीस दाणे लावून सारखेच पाणी द्यावे आणि आठ दिवसांनी कोंब मोजावेत. दोन्हीकडे उगवले नाहीत तर बियाण्यावर संशय घ्यावा. फक्त ज्वारीच्या मातीत कमी उगवले तर दोष मातीत आहे. पेरणी थोडी थांबवावी.

प्रभूने सांगितलेल्या निदणाच्या दाखल्यात खरोखरच शत्रू होता. तरीही धन्याने चाकरांना घाईने काही उपटू दिले नाही, कारण त्यात गहूही उपटला गेला असता. इथे तर शत्रूच नाही, मग माणसाला उपटून टाकायची घाई कशाला?

आमचे कार्यकर्ते ही दोन डब्यांची परीक्षा पाड्यापाड्यांवर करून दाखवू इच्छितात. त्यासाठी मूग-उडदाचे बियाणे हवे आहे. आपण मूठभर द्या, आणि ज्या भगिनींकडे आज बोट दाखवले जाते त्यांच्यासाठी प्रार्थना करा.