साडेसात किलोची सायकल



आम्ही तिघे पेशाने सॉफ्टवेअरवाले. निधीच्या सायकलफेरीसाठी स्वस्तातले कार्बनचे भाग जमवून घरीच रोड बाइक जोडली. आंतरराष्ट्रीय शर्यतींत ६.८ किलोच्या खाली सायकल चालत नाही, आमची ७.५ भरली. पेढे वाटायचेच बाकी होते!

हँडलबारच्या बोल्टजवळ ५ न्यूटन-मीटर असं लिहिलं होतं. आम्ही अंदाजाने आवळला, आणि ‘कट्’! कार्बन ॲल्युमिनियमसारखा आधी वाकत नाही, एकदम तुटतो. हेच उतारावर झालं असतं तर?

आता टॉर्क रेंच घेतलाय, बार साधा ॲल्युमिनियमचा बसवलाय. वजन थोडं वाढलं, पण घरचे निश्चिंत आहेत. वाचलेले डॉलर निधीच्या पेटीत टाकलेत. तुम्हीही द्या. सायकल हलकी असू दे, हात मात्र सढळ ठेवा!