नभोलहरी कोणाच्या?



अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी चालविलेली नभोवाणी केंद्रे आहेत. तेथे नव्याने दाखल होणारा विद्यार्थी आरंभी इंटर्न, म्हणजे उमेदवार असतो. ध्वनिमुद्रिका जागच्या जागी लावणे, वाजविलेल्या गीतांची नोंद ठेवणे, रात्री-अपरात्री यंत्रापाशी बसणे ही कामे त्याच्या वाट्याला येतात. वेतन बहुधा नसते. मग ही वेठबिगारीच नव्हे काय, असा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

व्यापारी कंपनीतील बिनपगारी उमेदवारी ही बहुतांशी वेठच असते. कारण तिच्यातून होणारा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो. विद्यार्थ्यांच्या केंद्रांचे परवाने बहुधा अव्यापारी असतात व त्यांना जाहिराती घेण्यास मनाई असते. आजचा उमेदवार उद्या कार्यक्रम ठरवितो आणि परवा केंद्राचा कारभार पाहतो. राबणारा आणि निर्णय घेणारा हा भेद तेथे पुसट होतो. या अर्थाने ही उमेदवारी लोकशाहीची शाळा आहे. परंतु ही शाळा कोणाच्या जागेत भरते?

टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी राइस विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी १९६७ साली वसतिगृहात एक लहानसे केंद्र सुरू केले. ते 'के.टी.आर.यू.' या नावाने वाढले आणि पुढे ५०,००० वॅट शक्तीवर चालू लागले. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यासाठी राबल्या. परवाना मात्र विद्यापीठाच्या नावे होता. २०१० साली विद्यापीठाने लहर, मनोरा व परवाना ९५ लाख डॉलरना ह्यूस्टन विद्यापीठास विकण्याचे ठरविले. वाटाघाटी विद्यार्थ्यांच्या नकळत झाल्या. श्रोते थोडे आहेत, शिवाय इंटरनेटवरून प्रसारण करता येईलच, असे समर्थन देण्यात आले. विद्यार्थ्यांच्या विरोधास न जुमानता २०११ साली व्यवहार पुरा झाला. पुढे २०१६ साली ह्यूस्टन विद्यापीठानेही तीच लहर एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेस विकली. सार्वजनिक वस्तूला एकदा बाजारभाव लागला की ती एका हाती थांबत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा धडा आहे. राइसच्या विद्यार्थ्यांनी हार मानली नाही. २०१५ साली अल्पशक्तीच्या केंद्रावरून ते पुन्हा नभोवाणीवर आले. ही जमेची बाजू नमूद केलीच पाहिजे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले विद्यापीठीय सामुदायिक केंद्र सुरू झाले. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही हे दार उघडले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' महाराष्ट्राला परिचित आहेच. तथापि परवाना येथेही संस्थेच्याच नावे असतो आणि केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. विद्यार्थी गाणी लावू शकतो, शेतीविषयक मुलाखत घेऊ शकतो. पण आपल्याच गावच्या मोर्चाची बातमी देऊ शकत नाही.

म्हणून अशा केंद्रात उमेदवारी पत्करणाऱ्या तरुणाने यंत्राची कळ शिकावी, तशीच कारभाराचीही शिकावी. परवाना कोणाच्या नावे आहे, हिशेब कोण तपासतो, निर्णय घेणाऱ्या समितीत विद्यार्थी किती आहेत, हे पहिल्याच आठवड्यात विचारावे. ध्वनिक्षेपक हाती येणे ही सुरुवात आहे. तो कोणी काढून घेऊ शकणार नाही अशी व्यवस्था उभारणे, हे खरे काम आहे.